कॅप्टन काजळीचं पोट

३ मार्च
आजपासून रोजनिशी. कारण तसंच गंभीर आहे. कॅप्टन काजळीच्या सिनेमांचा रीबूट जाहीर झाला. सगळं पहिल्यापासून. नवा नट, नवी गोष्ट, जुने चारही भाग रद्द. म्हणजे चौथ्या भागात काजळी पुलावरून पडला तो पडलाच नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं. कुणी ऐकलं?
संकल्प : नवा काजळी कोण, हे फॅन ग्रुपमध्ये सगळ्यांच्या आधी मी शोधणार. पहिल्या शोला लेक माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणार. शिवाय उद्यापासून सकाळी चालायला जाणार.
यात लेकीचं अवघड आहे. चारही भाग तिने माझ्या शेजारी बसून पाहिले. पहिला तर मांडीवर. इंटरव्हलमध्ये खलनायक गंजासुर मरणार की नाही यावर आम्ही कडाकडा भांडायचो. आता कॉलेजात गेली. दोन महिने खोलीचं दार बंद, आत एक चष्मेवाली मैत्रीण आणि कुजबुज. मी गेलो की लॅपटॉप मिटतात. मला फार वाईट वाटतं. बायको म्हणते, वयच तसं आहे. कुणाचं ते सांगत नाही.

५ मार्च
चालायला गेलो नाही. बूट सापडले नाहीत.
ग्रुपवर नुसता गोंधळ. जो तो आपल्या आवडीचा नट पुढे ढकलतोय. पोरखेळ! पुरावा लागतो. तिथे माझं नाव ‘आतला गोट’ आहे, ते उगीच नाही. (तो मीच, हे घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.) बावीस वर्षं टेलरिंगच्या दुकानात कटिंग मास्तर आहे मी. माणूस थापा मारेल, माप नाही मारत.

७ मार्च, दुपारी सव्वा
डबा तसाच बाजूला ठेवून लिहितोय. दुकानात ऑर्डर आली आहे. काजळी रंगाचं ताणणारं कापड, छातीवर चंदेरी ठिणगी. म्हणजे कॅप्टन काजळीचा पोशाख! मालकीणबाई एरवी गिऱ्हाइकासमोर चिठ्ठी लिहितात, ही लिहूनच घेऊन आल्या. नावाच्या जागी फक्त ‘बा.’ कोण म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, मास्तर, तुम्ही मुकाट्याने कापा.
स्टुडिओचीच ऑर्डर. बातमी फुटू नये म्हणून आडबाजूचं दुकान धरलं. शिवाय ताणणाऱ्या कापडावर माझ्यासारखा हात आहे कुणाचा?
प्रेसवाल्याला विश्वासात घेतलं. आमच्या दुकानात इस्त्री करतो, माझ्याच वयाचा. त्याने चिठ्ठी वाचली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाणी प्यायला म्हणून गेला. बराच वेळ आला नाही. बाहेरून खोकल्यासारखा आवाज येत होता.

८ मार्च
मापं इथे उतरवून ठेवतो. छाती चाळीस. पोट त्रेचाळीस. उंची पाच-पाच. उजवा खांदा पाऊण इंच उतरलेला.
खांद्याचा अर्थ चुटकीसरशी लागला. भालाफेक! बायकोला सहज विचारलं, उजवा खांदा कुणाचा उतरतो. म्हणाली, जन्मभर कात्री चालवणाऱ्याचा. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही.
‘बा.’ म्हणजे बाहेरगावचा. हेही लागलं.
पण पोट त्रेचाळीस? अरे काय थट्टा आहे?

९ मार्च
ग्रुपवर बातमी फोडली. नायक बाहेरगावचा, माजी भालाफेकपटू, पोट त्रेचाळीस, पोशाख शिवायला पडला. दोन तासांत सहाशे प्रतिक्रिया. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.
जेवताना लेकीचा चेहरा पांढराफटक. हे कुणी टाकलं असेल, असं पुटपुटली. मी गालातल्या गालात हसलो. योग्य वेळी सांगेन. कौतुकाने शेजारी येऊन बसेल.

११ मार्च
रात्रभर विचार केला. असला काजळी मी खपवून घेणार नाही. मी स्वतः पन्नाशीला टेकलो, तरी कंबर चौतीस. (पोटाच्या खाली मोजायची. तीच योग्य पद्धत.) पंधरा वर्षांत स्वतःला टेप लावायची वेळ आली नाही. जुना कागदी साचा आहे, त्यावर दर वर्षी बाजूला जरा कापड सोडतो, झालं.
सह्यांची मोहीम उघडली : ‘पोटवाला काजळी नको!’ खाली मागणी : घेतलाच असेल, तर पहिल्याच सीनमध्ये मारा आणि वर चादर घाला. कॅप्टनची इज्जत तरी राहील.
प्रेसवाला म्हणाला, मास्तर, सह्या गोळा करण्याआधी एकदा टेप स्वतःभोवती फिरवून बघा. जळतो मेला.

१३ मार्च
तीनशे बारा सह्या!
संध्याकाळी लेकीच्या खोलीत कडाक्याचं भांडण. मी कान दिला नव्हता, दाराशी उभा होतो एवढंच. चष्मेवाली म्हणत होती, तीनशे लोकांना तो नकोय, मग आपला बघणार कोण? लेक रडवेली. म्हणाली, मी त्यांच्यासाठीच लिहिलंय, अकरा डायलॉग आहेत. कॉलेजचं नाटकबिटक असावं.
लेकीला आधार द्यावा म्हणून बाहेरूनच ओरडून सांगितलं, की बाळा, प्रेक्षकांचं ऐकावं, माया आडवी येऊ देऊ नये.
आतलं भांडण तिथेच थांबलं. सल्ला पटलेला दिसला.

१६ मार्च
पोशाख तयार. ट्रायलला गिऱ्हाईक येईना. मालकीणबाई म्हणाल्या, तुम्हीच घालून बघा. म्हटलं, मला ढगळ होईल.
घातला. बसला. खांद्यासकट बसला. ताणणारं कापड कुणालाही बसतं, हा त्याचा गुणच आहे, असं मी प्रेसवाल्याला दोनदा समजावून सांगितलं.
आरशासमोर दोन मिनिटं उभा होतो. बरं, दहा. डोळ्यांत पाणी आलं. लपवण्यासारखं काय त्यात?

१८ मार्च
लिहवत नाही. तरी लिहितो.
लेक दुकानात आली, पोशाख न्यायला. स्टुडिओ नाही, काही नाही. खरा रीबूट कधी जाहीर होतो याची वाट बघून कंटाळल्या म्हणून ती आणि चष्मेवाली आपलाच वीस मिनिटांचा रीबूट करताहेत, ग्रुपवर दाखवायला. म्हातारा झालेला काजळी एका पोरीला लढायला शिकवतो. शेवटपर्यंत तिच्या बरोबर असतो आणि जगतो. पोरीचं काम लेक करणार. काजळीचं मी करायचं होतं. मला अचानक सांगून चकित करणार होती. माझा शर्ट-पँट पळवून मापं प्रेसवाल्याने काढली.
‘बा.’ म्हणजे बाबा.
आता तीनशे बारा प्रेक्षकांच्या आग्रहास्तव काजळी पहिल्याच सीनमध्ये मरतो. वर चादर.
लेक म्हणाली, तो आतला गोट मला एकदा भेटू दे. मी म्हटलं, असतात एकेक नालायक.

२० मार्च
लेकीकडून जुनी स्क्रिप्ट मागून घेतली. अकरा डायलॉग पाठ केले. सातव्यात काजळी म्हणतो, तू पुढे बघून चाल, मागे मी आहे. हा काही केल्या धड म्हणवेना.
नवी मोहीम उघडली : ‘काजळीला जगवा!’ पोट अनुभवाचं लक्षण असतं, असा मुद्दा मांडला. सह्या चार. मी, बायको, मालकीणबाई, प्रेसवाला. प्रेसवाल्याने पुढे हसरा चेहरा काढलाय.

२२ मार्च, संध्याकाळ
शूटिंग झालं. आमच्याच गच्चीवर. प्रेसवाला चादर कडक इस्त्री करून घेऊन आला होता. मी मेलो. पोशाखाचा एक धागा दिसत नव्हता.
सीन एवढाच, की पोरगी प्रेताजवळ बसून रडते. पहिले तीन टेक पोट हलतंय म्हणून वाया. चौथ्याला शिंक. पाचव्याला मी आपल्या मनाने ‘गंजासुर...’ असं कण्हलो, मरताना एखादा शब्द शोभतो म्हणून. चष्मेवाली म्हणाली, काका, तुम्ही ऑलरेडी मेला आहात.
सहावा टेक सुंदर चालला होता. मी श्वास रोखलेला. लेकीने चादरीखाली हात घालून माझा हात धरला. रडायला लागली. खोटं नव्हतं, माझं मनगट ओलं झालं. स्क्रिप्टमध्ये होतं, ‘कॅप्टन, उठा ना.’ ती म्हणाली, बाबा, उठा ना.
मी उठलो.
चादर फेकून ताडकन बसलो आणि काय झालं गं, म्हणून विचारलं. टेक वाया. चष्मेवालीने कपाळावर हात मारला. लेक आधी चिडली, मग डोळे पुसत पुसत हसत सुटली. अ‍ॅक्टिंग होती हो, म्हणाली, आतल्या गोटाला एवढंही कळू नये? म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून, ते विचारायचा धीर झाला नाही.
पण बाबा म्हटल्यावर पडून कसं राहायचं? मला नाही जमत. सात जन्म घेतले तरी जमणार नाही.
ऊन उतरत चाललेलं. सातव्या टेकला चादरीखाली प्रेसवाल्याला झोपवलं. पहिल्या फटक्यात मेला. टाळ्या. चष्मेवाली म्हणाली, काय नॅचरल मेलात काका!
लेक त्याच्याजवळ बसूनही रडली. पण मला ते तितकंसं जमलेलं वाटलं नाही.