देवापाशी ठेवलेलं टापेट कव्हर

१ सप्टें., शनि.
आष्टीतल्या लोखंडी कपाटं रंगवणाऱ्याकडून इंजिनाचे पार्ट रंगवून आणले. दुकानात असे चमकत होते की वाटलं, सुटलो एकदाचा. घरी इंजिनाखालचा तेलाचा चेंबर डिझेलनं पुसला तर रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीगत हातात आला. तसाच परत गेलो. तो म्हणला, रंगाची पावडर मारायच्या आधी धुवायला पाणीच नव्हतं, फडक्यानं पुसून मारली. माझ्या दारात तरी टँकर कुठं रोज येतो.
पुण्याच्या साहेबांना फोन केला, अजून थोडं थांबा म्हणलं. त्यांच्या जुन्या अँबॅसिडरचं इंजिन हे. ते म्हणले घाई नाही, पण ब्रशचा रंग चालणार नाही, पावडर कोटिंगच पाहिजे. त्यांच्याकडं अशा जुन्या गाड्या बऱ्याच हायत. हे इंजिन मनासारखं झालं तर बाकीची पण माझ्याकडंच, असं म्हणलेत.

५ सप्टें., बुध.
गॅरेजात दिवसभर कुत्रं फिरकलं न्हाई. दूध संघाच्या गाड्या होत्या तोवर भाकर खायला फुरसत नव्हती. आता वैरण न्हाई, जनावरं बाजारात गेली, दूध न्हाई, संघाच्या गाड्या उभ्या. गाडी फिरलीच न्हाई तर बिघडणार कशी?
बाळू मुकादम येऊन बसला. आमच्याच गल्लीतला, माझ्याहून धाकटा. दरसाल ऊसतोडीची टोळी घेऊन कोल्हापूरकडं जातो. ट्रॅक्टरला ड्रायव्हर पाहिजे त्याला, मधी बिघडला तर दुरुस्त करील असा. "दसऱ्यापर्यंत सांग बे, न्हाई तर मी दुसरा बघतो."
बाप जन्मभर ऊस तोडत गेला. त्याच्यासारखं जायला नको म्हणून मी पाना हातात धरला. आता पाना घेऊनच तिकडं जायचं म्हणजे...

११ सप्टें., मंगळ.
बीडला गेलतो. एमआयडीसीत पावडर कोटिंगवाले दोघं. पहिल्यानं पार्टाच्या पोत्यात डोकावून बघितलं अन् हात मागं घेतला. गाडीचं काम घेत न्हाई. भट्टीत तापलं की तेल सुटतं, शेजारच्या खिडक्यांवर डाग पडतात. खरं हाय त्याचं. धुवून आणतो म्हणलं तर म्हणतो, सगळे असंच म्हणतात.
दुसरा लगेच हो म्हणला. तेव्हाच शंका आली. बोल्टच्या आट्यात पावडर जाऊ नये म्हणून काय करता, इचारलं. माझ्याच तोंडाकडं बघत बसला. पोतं उचललं.
एसटीत पोतं मांडीवर. कंडक्टर म्हणला, भंगार का? हो म्हणलं. वाद घालायची ताकद न्हाई राहिली.

२४ सप्टें., सोम.
नगर. सहकारी औद्योगिक वसाहतीत एक शेड सापडली. आजूबाजूच्या निम्म्या शेडांना कुलपं. शबानाआपा म्हणून एक बाई चालवतात, नवऱ्याच्या मागं. बोलणं एकदम तोडून. चेंबर नाकाशी नेऊन हुंगला, म्हणल्या अजून डिझेल आहे ह्यात. आधी नुसतं भट्टीत तापवून तेल काढायचं, मग शेजारच्या शेडात वाळूचा मारा करून पांढरं करायचं, मग धुवायचं, आट्यांत रबराची बुचं घालायची, पॅकिंग बसतं तिथं पट्टी लावायची, मग पावडर. हे सगळं त्यांनीच सांगितलं, मी न इचारता. इतके दिवस फिरून फिरून हेच ऐकायचं होतं. पोतं तिथंच खाली ठेवलं.
पण वसाहतीची बोअर आटलेली. टाकीतलं पाणी कपाटं धुवून धुवून काळं झालेलं. आपा म्हणल्या, "पानी तुम्ही आणा भाऊ. गोडं, खारं नको. एक ड्रम." आणखी एक बजावलं. वाळू मारल्यावर उघडा हात लावायचा नाही. हाताचं तेल लागलं तिथं रंग बसत नाही.
ड्रमभर गोडं पाणी. जसं काय माझ्या घरामागं नदीच वाहती.

१ ऑक्टो., सोम.
आठवडाभर बायकोला, सुमनला, ड्रमाचं सांगायची हिंमत झाली न्हाई. आज सांगितलं. टँकरचं येतं त्यातच सगळं. पिणं, मायची अंघोळ, शेळी, धुणं. ती चुलीपुढं बसलेली. वाटलं आता ऐकावं लागणार.
"न्या पाणी. कापडं मळकी राहतील, मानूस घरी राहील."
एवढंच बोलली अन् भाकर परतली. उठून बाहेर गेलो.

१६ ऑक्टो., मंगळ.
मित्राची पिकअप मागून पाणी नगरला नेलं. वाटंत प्रत्येक गतिरोधकाला जीव वर. झाकणाला पोतं बांधलं होतं तरी सांडलंच थोडं. आपानं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं अन् मान हलवली. पास.
पार्टाला वाळू मारून झाली. टापेट कव्हर, इंजिनावरचं झाकण, पांढरंधोप, नवं कोरं. तेवढ्यात वसाहतीचा डीपी जळाला. भट्टी बंद. आपा म्हणल्या शुक्रवारी या, तुमचं पाणी झाकून ठेवते. पार्ट घरी न्या, इथं शेडात धूळ बसेल. मी म्हणलं गंज चढला तर? म्हणल्या हवेत ओल कुठं आहे. दुष्काळाचा तेवढाच एक फायदा.
धुतल्या धोतरात गुंडाळून आणले. आता ठेवायचे कुठं? गॅरेजात ग्रीस, घरात चुलीचा धूर, ओसरीवर शेळी. घरात स्वच्छ जागा एकच. देव्हाऱ्यापुढल्या पाटावर ठेवले. माय झोपली होती. सुमनला सांगितलं हात लावू नको. मायला सांगायचं सुचलंच न्हाई.

१८ ऑक्टो., गुरु.
खंडेनवमी. दसराही आजच. सकाळी गॅरेजात पाने, जॅक मांडून पूजा केली. घरी आलो तर धोतर उलगडलेलं. सगळे पार्ट पाटावर ओळीनं मांडलेले, झेंडूची फुलं, अन् टापेट कव्हरावर हळदीकुंकवाची पाच बोटं. समईच्या तेलात भिजवलेली.
मी ओरडलो. लई ओरडलो. म्हातारे, वाटोळं केलंस म्हणलं. माय हातात आरतीचं ताट घेऊन तशीच उभी.
"मंग देवापाशी कावून ठिवलं बाबा? तूच ठिवलं ना?"
घरातलं लोखंड आज देवापुढं असलं तर तिनं कुंकू लावायचं न्हाई? बापाच्या कोयत्याला पण लावायची, तो निघायच्या आधी.
बाळू सोनं द्यायला आलता. आपट्याचं पान हातात ठेवलं अन् म्हणला सोमवारी निघायचं, मग काय? सोमवारी सकाळी सांगतो म्हणलं.

१९ ऑक्टो., शुक्र.
आपाला सगळं खरं सांगितलं. त्यांनी कव्हर उजेडात तिरपं धरून बघितलं. म्हणल्या परत वाळू मारावी लागंल. पण वाळूवाला दसऱ्याला गावी गेलेला, दिवाळीपर्यंत येत न्हाई. आपानं तापवून, पुसून, परत तापवून बघितलं. म्हणल्या तेल मुरलं असेल तर माझ्या हातात नाही. वर म्हणल्या, माझी सासूपण अशीच होती.

२० ऑक्टो., शनि.
पावडर मारून पार्ट आले. काळे, तुळतुळीत. नखानं खरवडून बघितले, डिझेल ओतून बघितलं, काही होत न्हाई. आट्या साफ. ह्याला म्हणायचं काम. पण टापेट कव्हरावर पाच जागी रंग फाकलेला, बारीक खळगे पडलेले. कुणी बोटं उमटवावीत तसे.
इंजिन बांधलं. माय दोन दिवस बोलत न्हाई. मी पण.

२१ ऑक्टो., रवि.
साहेब टेंपो घेऊन आले. अंगणात लोखंडी स्टँडवर इंजिन चालू केलं. पहिल्याच झटक्याला लागलं. साहेब डोळे मिटून ऐकत राहिले. मग वाकून एकेक पार्ट बघितला. टापेट कव्हरावर येऊन थांबले. हे काय?
पावडरचा बुडबुडा, असं सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं पण होतं. तेवढ्यात दारातून माय.
"माझी बोटं हायत ती, सायेब. देवापाशी होतं म्हणून लावली. पोराचं काम चांगलं हाय."
साहेबांनी खळग्यांवर स्वतःची बोटं ठेवून बघितली. मोबाईलवर फोटो काढला. हसले न्हाईत, रागावले न्हाईत. इंजिन टेंपोत चढवलं, मायला नमस्कार केला. जाताना म्हणले, कळवतो.
कळवतो म्हणजे काय ते काही कळलं न्हाई.
माय जेवताना बोलली. भाकर घे म्हणली.

२२ ऑक्टो., सोम.
वेशीत ट्रॅक्टर उभे हायत. बायका, पोरं, भांडी, कोंबड्या, सगळं ट्रॉलीत चढलं. बाळूनं दोनदा निरोप धाडला. साहेबांचं काही आलं का म्हणून फोन खिशातून काढून बघतो अन् परत ठेवतो. माय कुंकवाची वाटी घेऊन दारात बसली हाय. सुमननं माझी कापडं पिशवीत भरली, धुतली न्हाईत तशीच. पिशवीचं तोंड मात्र बांधलं न्हाई.