खोडलेले शब्द आणि मागे उरलेलं घर

मी, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. आजार शरीरात आहे, डोक्यात नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर माझ्या कमाईचं आहे. ते माझ्या भाचीला द्यावं. मात्र माझे पती हयात असेपर्यंत त्यांना इथून कोणी हलवू नये.

२. माझ्या दिरांना काहीही नाही. नजरचुकीने राहिलं असं कोर्टाने समजू नये. आठवणीने वगळलं आहे. "वहिनी, दादाला आता काय कळतंय? त्याला आश्रमात ठेवू, घर विकून टाकू," असं ते पतींच्या देखत म्हणाले होते.

३. भिंग, सुया आणि वाळवलेल्या पानांचे संच भाचीला. ती शाळेत शिकवते, तिला उपयोग होईल.

या संचांवर माझे शब्द आहेत. आमच्याच महाविद्यालयात भरणाऱ्या परिभाषा समितीत मी सुचवलं होतं, की पानाला देठ नसेल तर 'बिनदेठी' म्हणू, कडेला करवतीसारखे दाते असतील तर 'करवतकाठी'. मुलांना ऐकताक्षणी पान दिसेल. समितीचे अध्यक्ष माझे पतीच होते. "बाईसाहेब, इथे शास्त्र चाललंय, भाजी निवडणं नव्हे," ते म्हणाले. सगळे हसले. माझे शब्द खोडून 'अवृंत', 'दंतुर' ठेवले. मी राजीनामा दिला. घरी त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पुढे त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. एका सकाळी गॅलरीतल्या जास्वंदीच्या पानाच्या कडेवरून बोट फिरवत ते अडखळत म्हणाले, "कर... वत... काठी." आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभराचं पांडित्य पुसलं गेलं, उरला तो माझा शब्द. मला आनंद व्हायला हवा होता. "बरोबर," एवढंच म्हणून मी आत गेले. भरल्या सभेत हवं होतं ते मला गॅलरीत मिळालं, तेही देणाऱ्याला काय दिलं ते ठाऊक नसताना.

४. भाचीने त्यांना रोज एक पान हातात द्यावं. नाव आठवलं नाही तर सांगावं, हसू नये.

५. माझ्या निधनाच्या बातमीत 'ख्यातनाम शास्त्रज्ञांच्या सुविद्य पत्नी' असं छापू नये. महाविद्यालयाने शोकसभा घेऊ नये. माझ्याविषयी बोलायचं होतं तेव्हा तिथे सगळे हसत होते.

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च
सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार: १. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही) २. कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही)