सरदारबीची जबाबदारी माझ्यावर

१६ मे १९४८, रविवार
"कमल, तुझ्या हाताला लागलेलं काही धड राहत नाही," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. लग्नाचं पहिलं वर्ष होतं. माझ्या हातून रांजण फुटला होता, तोही आधीच चिरलेला. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण वाक्य अजून घरातच आहे.

आजपासून ते खोटं ठरवणार.

हे सोलापूरला जाऊन पंधरवडा झाला. सरहद्दीवरच्या लढ्याच्या कॅम्पांना धान्य पोचवायचं काम घेतलंय. निजामाचे रझाकार मागावर होते, म्हणून जळकोट सोडणं भागच होतं. मलाही चल म्हणत होते. मी गेले नाही. म्हैस व्यायला झाली आहे.

जाताना ह्यांनी आपलं रिव्हॉल्व्हर तुरीच्या कणगीत पुरून ठेवलं. मला म्हणाले, हात लावू नकोस. म्हणजे घाईने लावू नकोस. हत्यारं जमा करा अशी दवंडी कधीच झाली आहे. सापडलं तर तुरुंग.

भिंतीपलीकडे सरदारबी आणि त्यांचे मालक नबीलालभाई. भाई शिंपी आहेत. मूलबाळ नाही. इतका गरीब माणूस, कुत्रं भुंकलं तरी सलाम करेल. रझाकारांत चल म्हणून पोरं मागे लागलीत, तर भाईंनी पाठदुखी काढली आहे. दुकानात जाताना कमरेत वाकून चालतात, घरात आले की सरळ.

अशा माणसांना कोण आहे? मीच. संकल्प: भिंतीच्या दोन्ही बाजूंना कोणाच्या केसाला धक्का लागू द्यायचा नाही. त्यासाठी रिव्हॉल्व्हर शिकायचं. रोज पहाटे उठून.

१७ मे
पहाटे उठणं झालं नाही. उद्यापासून.

१९ मे
काढलं. वाटलं होतं त्यापेक्षा जड आहे. नळीत तुरीची टरफलं गेलेली. ह्यांनी एवढा विचार करायला हवा होता. समईची काडी आणि जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन नळी साफ केली. तेलाचा प्रश्न आला. बाहेर मागायला गेलं तर बभ्रा. शिवाय घरात घाण्यावरचं ताजं करडीचं तेल असताना मागायचं कशाला? सढळ हाताने लावलं. गोल फिरणाऱ्या चाकात, चापाच्या फटीत, मुठीखाली, सगळीकडे. मग मुरावं म्हणून माळवदावर उन्हात ठेवलं, लोणच्याची बरणी ठेवतो तसं.

संध्याकाळी असं चमकत होतं की बस. सासूबाईंनी बघायला हवं होतं.

२२ मे
आज गोळ्या निवडल्या. एका रुमालात बांधलेल्या, पण दोन जातींच्या. काही जाड, काही बारीक. ह्यांनी मिसळून का ठेवल्या, देव जाणे. जाड गोळ्या चाकाच्या भोकात अर्ध्यावर अडतात. बारीक एकदम सुळकन जातात, आणि नळी खाली केली की सुळकन पलीकडे पडतात.

जाड घ्याव्या की बारीक? घाई केली नाही. बियाणं निवडताना आपण काय करतो? पाण्यात टाकतो. पोकळ ते तरंगतं. सगळ्या गोळ्या पाण्यात टाकल्या. एकही तरंगली नाही! माल अस्सल आहे. मग पुसून, राख लावून, कडुलिंबाच्या पाल्यात घालून वर वाळत ठेवल्या. शेजारी कुरडया. वरून धोतर पांघरलं. रिव्हॉल्व्हरही त्याच्याखालीच. दुसऱ्यांदा तेल दिलंय.

बारीकच घ्यायच्या ठरवल्या. जे सहज जातं तेच योग्य. त्यांना थोडा दोरा गुंडाळला की पडणार नाहीत.

२३ मे, रविवार
झडती झाली! हात अजून कापतो आहे, कारण कुरडया उलथून उलथून दुखतो आहे.

दुपारी तीन रझाकार आणि एक पोलीस आला. हे कुठं आहेत, हत्यार कुठं आहे. मी तेव्हा माळवदावर होते. घाईत गोळ्या ओच्यात घेतल्या होत्या, त्यामुळे उठता येईना. मी कठड्यावरून त्यांच्याकडे एकटक पाहिलं. पापणीसुद्धा हलवली नाही. हलत नव्हतीच.

तेवढ्यात सरदारबी दोन घरांच्या मधल्या दारातून आल्या आणि शिडीच्या पायरीवरच बसल्या. हातात केरसुणी. म्हणाल्या, "ऊपर नक्को जाव भाई. बाई बाजूकू बैठी है. चार दिन वहींच रहती." एकजण म्हणाला, हट बुढ्ढी. त्यावर ह्या म्हणतात, "जा की रे मग! जनानीका लिहाज नक्को करू. तेरी अम्माकू मैंच जाके सांगती, तेरा पूत कौनसी शिडी चढ्या सो." तो लालबुंद झाला. खाली त्यांनी कणगीत काठ्या खुपसल्या. तिथं तुरीशिवाय काय असणार? माझी दूरदृष्टी! पाणी पिऊन गेले.

माझ्या नजरेला नजर देण्याची त्यांची टाप नव्हती, हे स्पष्ट आहे.

तक्रार एकच. सरदारबींनी चार पुरुषांत ते सांगायला नको होतं. शिवाय खोटं. मी त्यांना तसं बोलले. तर म्हणाल्या, "बरं बाय, पुढच्या टायमाला दुसरं काय तरी सांगू. आधी वच्यातलं काय हाय ते खाली ठिवा." मग त्यांनी मला गूळपाणी दिलं. उन्हाचं लागलं होतं मला, बाकी काही नाही.

बिचाऱ्या घाबरल्या असणार. मी त्यांना म्हटलं, मी असेपर्यंत काळजी करू नका. त्या हो म्हणाल्या.

१२ जून
प्रॅक्टिस: गोवऱ्यांच्या ढिगावर नेम धरणे, गोळी न घालता. चाप जड लागतो. चाकही आता पहिल्यासारखं भिरभिरत नाही. घट्ट बसलंय. म्हणजे मजबूत झालं. तरी थोडं तेल दिलं. उन्हात ठेवायला ऊनच नाही, म्हणून चुलीशेजारी ठेवलं.

सालगडी बब्रुवान पेरणीचं विचारायला आला, त्याने पाहिलं. म्हणाला, "काकू, ह्ये कशाला वो तुमच्या हातात? माझ्याकडं द्या, मी बगतो एकेकाला." मी त्याला शस्त्र आणि संयम ह्यावर समजावून सांगितलं. तो ऐकत होता, पण रिव्हॉल्व्हरकडेच बघत होता. मुलगा चांगला आहे. त्याच्या भावाला रझाकारांनी मारलं, तेव्हापासून नीट जेवत नाही.

२ जुलै
पहाटे उठण्याचा संकल्प पुन्हा सुरू. म्हैस व्याली, त्यामुळे मधले दिवस धरायचे नाहीत.

९ ऑगस्ट
रोज एका गावाचं नाव ऐकू येतं. लूट, जाळपोळ. गल्लीतली निम्मी घरं कुलूपबंद.

नबीलालभाई आता आमच्या ओट्यावर झोपायला येतात. आपल्या घरात भीती वाटत असणार. कोणी रस्त्याने गेलं की उठून खोकतात आणि विचारतात, "कौन है, मियाँ? मी नबीलाल दर्जी." म्हणजे झोपही लागत नाही त्यांना. मी आत असल्याचा आधार वाटतो, म्हणून येतात. सकाळी मी त्यांना चहा देते. संरक्षण करायचं तर पूर्ण करावं.

चाक आज फिरलं नाही. हवा दमट आहे.

२९ ऑगस्ट
तेल बदलून पाहावं का? नको. एकदा एक धरलं की तेच धरावं. फटींत मधासारखं पिवळं काहीतरी साचलंय, नखाने निघत नाही. गंज येऊ नये म्हणून तेलाने स्वतःच कवच केलं असावं.

१३ सप्टेंबर, सोमवार
नळदुर्गाकडून तोफांचा आवाज. मग विमानं.

१४ सप्टेंबर
भारताचं लष्कर आलं! रस्त्याने गाड्याच गाड्या. रझाकार पळाले. सगळं गाव रस्त्यावर, मीही गेले. कोणी गुलाल आणला, कोणी साखर. एका शिपायाला मी कुरडया दिल्या, त्याला कशा खायच्या कळेना.

घरी येऊन सरदारबींना साखर द्यायला गेले. दार आतून लावलेलं. मी आहे म्हटल्यावर उघडलं. साखर घेतली, पण तोंडात घातली नाही. म्हणाल्या, "कमलबाय, आमचं आता कसं वो?"

मी हसले. म्हटलं, तुमचा काय संबंध? आणि मी काय मेले आहे का?

१६ सप्टेंबर
शेजारच्या गावातल्या बातम्या चांगल्या नाहीत. आता मारणारे आपले आहेत. ओळखीची नावं कानावर येतात.

सरदारबी आणि भाईंना आमच्या स्वयंपाकघरात आणलं. भाई मशीन सोडून येत नव्हते, त्यांना ओढून आणलं. म्हटलं, माझ्याकडे रिव्हॉल्व्हर आहे. सरदारबी म्हणाल्या, "ते असू द्या वो. तुमी नुसतं दारात हुबं राहा. गाव तुम्हास्नी मानतंय." त्यांना यंत्राची माहिती नाही.

चार महिने तयारी केली ती ह्याच दिवसासाठी. बारीक गोळ्या, दोऱ्यासकट, आत बसवल्या आहेत. चाक फिरत नसलं तरी समोर एक गोळी आहेच. एक पुरे. कोणाला मारायचं नाहीच आहे.

१८ सप्टेंबर, शनिवार
आज नीट लिहिता येत नाही. दौत सांडली.

दुपारी आले. पुढे बब्रुवान. पंधरावीस जण असतील. सगळ्यांना मी कधी ना कधी ताक दिलंय. मी ठरल्याप्रमाणे उंबऱ्यात उभी राहिले. रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरलं. मोठ्याने म्हटलं, मागे व्हा. आवाज बरा निघाला. ते थांबलेही. हे लिहून ठेवायला हवं की ते थांबले.

मग मी धाक म्हणून चाप ओढून पाहिला. हलेना. दोन बोटांनी ओढला. कोणीतरी मागून म्हणालं, "काकू, आडकित्ता हाय का वो त्यो?" सगळे हसले. मलाही थोडं हसू आलं, कसं ते कळत नाही.

बब्रुवान पुढे आला. अगदी हळू म्हणाला, "द्या इकडं काकू. लागंल तुम्हाला." आणि मी दिलं.

दिलं असं नाही. हात भरून आले होते. आणि तो घरचाच मुलगा. वाटलं, आता तो सगळ्यांना घेऊन परत जाईल.

तो मला बाजूला सारून आत गेला. धक्का दिला नाही, खांद्याला धरून सारलं. रिव्हॉल्व्हर त्याने नबीलालभाईंच्या छातीला लावलं. म्हणाला, दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं, घराची किल्ली टाक. सरदारबी म्हणत होत्या, "बब्र्या, तुझी पयली बंडी ह्यांनीच शिवली रं." आणि मग माझ्याकडे बघत होत्या.

ते चालत नाही, हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं. बब्रुवानला वाटलं असेल, बाईमाणसाला जोर पुरला नाही. मी एक शब्द बोलले असते की ते गोंदासारखं चिकटलंय, त्यातून काही निघणार नाही, तर भाईंनी किल्ली दिली नसती. मी बोलणार होते. पण बोलले असते तर त्यांनी काठ्या काढल्या असत्या, हाही विचार केला पाहिजे.

भाईंनी किल्ली दिली. मशीन गेलं, शेळ्या गेल्या, भांडी गेली. ती दोघं नेसत्या कपड्यांनिशी लोहाऱ्याच्या वाटेला लागली. तिथं सरदारबींची बहीण ताहेराबी असते. मी भाकरी बांधून दिल्या. पिठलं जरा खारट झालं होतं.

२३ सप्टेंबर
हे परत आले. गळ्यात हार. रिव्हॉल्व्हर कुठं म्हणून विचारलं. सांगितलं. म्हणाले, असू दे बब्रुवानकडे, सध्या पोरांना दुखवायची वेळ नाही. बब्रुवान ते कमरेला लावून फिरतो. त्याच्या घराशी आता मशीन आहे, शिवता कोणालाच येत नाही.

गावात माझं नाव झालं आहे. काकूंनी दोन जीव वाचवले, म्हणतात. बायका बघायला आल्या होत्या. ऐकत बसले. खरं म्हणजे वाचलेच ना जीव? दुसरीकडे काय काय झालं. मी उभी राहिले नसते तर?

२६ सप्टेंबर
भिंतीपलीकडे कोणीतरी गुरं बांधली आहेत.

८ ऑक्टोबर, लोहारा
बैलगाडीने आले. इथं ह्यांच्या मावशी सीताबाई राहतात, त्यांना भेटायला असं सांगून निघाले. रस्ताभर काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. क्रमसुद्धा लावला होता.

ताहेराबींचं घर सापडलं. नबीलालभाई दारातच हाताने टाके घालत बसले होते. मला पाहून उठले आणि आत गेले. सरदारबी बाहेर आल्या. पाणी दिलं. म्हशीचं दूध किती निघतं विचारलं. गाडीत बसून माझी कंबर अवघडली का विचारलं. वाईट एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. तेही ठरवून नेलं होतं.

मी म्हटलं, बब्रुवानच्या हातातलं ते चालत नव्हतं. मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "मला बी कळलं हुतं वो. तुमच्या त्वांडाकडं बघूनच." मग पदराने पेला पुसत राहिल्या. पेला कोरडाच होता.

मग मी उठून आले. ऊन फार होतं म्हणून जास्त बोलता आलं नाही. ऊन नव्हतं. आभाळ होतं.

गाडी उद्या सकाळी परत निघणार. निघण्याआधी त्या दाराशी पुन्हा जाणार आहे. त्या नाही म्हणतील. भाई तर बाहेरही यायचे नाहीत. गावात ठेवून कसं घ्यायचं, बब्रुवानला काय सांगायचं, ह्यांना काय सांगायचं, ह्यातलं काहीच मी ठरवलेलं नाही, आणि आता ठरवून जाणारही नाही. एवढंच म्हणेन:

सरदारबी, गाडीत जागा आहे. घरी चला.