देवघरातली डिस्क

प्रिय अक्का,

परवा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आहे, म्हणून आज लिहायला बसलो. एरवी मी तुला कधी पत्र लिहिलं? फोनवरसुद्धा दोन मिनिटांत ‘ठेवतो गं’ म्हणणारा मी! पण आज सकाळी धरणगावला आईपाशी जे झालं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू माघात गेलीस. मला अजून रडू आलेलं नाही. नातेवाईक म्हणतात, राजू धीराचा निघाला. धीर कसला, अक्का! दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तसं झालंय. रोज धुळ्याहून नरडाण्याला कंपनीत जातो, येतो, जेवतो. चव विचारलीस तर सांगता येणार नाही.

ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तू फक्त ‘बरं’ म्हणालीस. बाहेर आल्यावर मला म्हणालीस, कॉम्प्युटरला माइक लावून दे. आईची नजर जाऊन तीन वर्षं झाली होती. तिला कॅलेंडर, कहाण्या, पेपर, सगळं तूच वाचून दाखवायचीस. आता वर्षभराचे सण आधीच बोलून ठेवायचे, असं तू ठरवलंस. त्या दिवशी काय करायचं, काय रांधायचं, कुणाला बोलवायचं! शाळेत पस्तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंनाच सुचावं असं काम. आईला आधी कळू नये म्हणून ती दुपारी झोपली की मधल्या खोलीचं दार लोटून बोलायचीस.

मी बाहेरची डिस्क आणून जोडली. रोज संध्याकाळी सहाला सगळ्याची नक्कल तिच्यात आपोआप जाईल, असं लावून दिलं. आणि निघताना, चपला घालता घालता, काय म्हणालो? ‘ही डबी जीवापाड जप, हिच्यात सगळं आहे.’ एवढंच. ती जोडलेली राहायला हवी, हे सांगायचं राहून गेलं.

होळीचं बोलणं आईने ऐकलं. लताकाकू शेजारून येऊन लावून द्यायच्या. पाडव्याच्या आधी मशीन बंद पडलं. जळगावच्या दुकानदाराने उघडून पाहिलं आणि म्हणाला, आतली डिस्क गेली, काही निघणार नाही. मला काही वाटलं नाही. नक्कल आहे ना, म्हटलं.

घरी येऊन टेबलामागे हात घातला, तर केबलचं टोक नुसतं लोंबत होतं. कपाट पाहिलं, ड्रॉवर पाहिले. आईने विचारलं, काय शोधतोस? मी म्हटलं, काळी डबी. ती म्हणाली, देवघरात बघ.

खंडेनवमीला तू शिलाई मशीन, अडकित्ता, खडूची पेटी, सगळं पुजलंस. सोबत डिस्कही पुजलीस, आणि ती उचलून लाल फडक्यात गुंडाळून देवांच्या मागे ठेवलीस. कुंकू अजून तसंच होतं. तुझ्या मते घरात याहून सुरक्षित जागा नव्हती, आणि तुझं काय चुकलं? मीच जपायला सांगितलं होतं.

डिस्क चालू झाली. दसऱ्यापर्यंत तू संक्रांतीपर्यंतचं बोलून ठेवलं होतंस, ते सगळं आहे. जे सण होऊन गेले त्यांचं आहे, यायचे आहेत त्यांतल्या एकाचंही नाही. आखाजीचं नाही, श्रावणातल्या कानबाईचं नाही.

आणि तू फोन केला होतास गं! संध्याकाळी पडद्यावर लाल चौकट येते, म्हणालीस, डिस्क सापडत नाही असं काहीतरी. मी शिफ्टवर होतो. ‘ओके दाब, निघून जाईल,’ म्हणालो. दवाखान्यात जाईपर्यंत तू रोज सहाला ओके दाबत राहिलीस. पोरांना दहादा विचारायला लावणारी तू, मला दुसऱ्यांदा का नाही विचारलंस? माझा आवाज घाईचा होता म्हणून? मला त्याची लाज वाटते. लाज तेवढी वाटते, बाकी काही नाही.

आईला मी मशीन दुरुस्तीला आहे, असं सांगत राहिलो. आज तिने पुन्हा विचारलं आणि मी खाटेपाशी बसून सगळं सांगून टाकलं. डिस्क, चौकट, ओके. मला वाटलं, आता ही कोसळणार.

मग म्हणाली, “मना डोया गयात, कान नही गयात. ती दार लोटी बोले, तवय मी जागीच राहू. बठ्ठं माले पाठ शे.”

सगळं पाठ! आणि मांडीवर हात ठेवून तिने तुझं आखाजीचं बोलणं म्हणून दाखवलं. वर्गात थांबायचीस तशी थांबत. सांजोऱ्या किती करायच्या, घागरीवर ठेवायचं डांगर कुठून आणायचं. आणि मग हे:

“आई, यंदा मना नावनी बी घागर भर. पानी राजूले आनाले सांग. त्यानी कधी घरना पानी भरं नही.”

म्हणजे आखाजीला ज्यांच्या नावाने घागर भरतात, त्या गेलेल्या माणसांत आपणही असू, हे तू त्या माइकसमोर बसून बोललीस. आणि आई लोटलेल्या दारापलीकडे पडून ते ऐकत होती. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही दोघी एकमेकींसमोर जेवलात कशा?

मी खिशातून मोबाइल काढला, तिचं बोलणं भरून घ्यावं म्हणून. बटणाचा आवाज तिला कळला. तिने चाचपडत माझा हात धरला आणि खाली केला.

“तठे नको भरू. सन येवावर तू ये, मी सांगसू.”

अक्का, मी हो म्हणालो. रजेचा अर्ज दिलाय, आखाजीचा आणि कानबाईचासुद्धा. साहेबांनी कारण विचारलं, मी घरचं काम म्हणून सांगितलं. आईला सगळं आठवतं तोवर येत राहीन. पुढचं मला माहीत नाही.

परवा तुझ्या नावाची घागर भरताना मला रडू येईल का, सांगता येत नाही. नाही आलं तर रागावू नकोस. पाणी मात्र मीच आणीन.

तुझा,
राजू