निरोगी नमुना

१० जुलै २००६
आज प्रयोगशाळेत रुजू झाले! बोरगाव मेघेत खोलीही मिळाली. आमचं काम सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तपेशी तपासण्याचं. नवं प्लेट रीडर तर मी बघतच राहिले. तळहाताएवढ्या थाळीत ओळीनं बारीक खळगे. त्यांत पेशी आणि रंगद्रव्य घालून थाळी आत सरकवायची. जिवंत पेशी हिरव्या उजळतात, मेलेल्या काळ्याच राहतात. उजेड किती, तो आकडा यंत्र देतं. तुलनेला निरोगी रक्त हवं होतं, मी हौसेनं माझंच दिलं. आकडा सगळ्यांत मोठा! सहकारी हेमराजने चहा पाजला.

१४ जुलै
माझा आकडा घसरला. ताजं रक्त घेतलं, रंगद्रव्य बदललं. आणखी घसरला. रुग्णांचे आकडे मात्र तसेच. जिना चढताना धाप लागली. फरशी पुसता पुसता प्रमिलाबाई म्हणाल्या, "मॅडम, अशा फिक्या काऊन दिसून राह्यल्या?"

१९ जुलै
माझं रक्त आणि नुसतं पाणी, आकडा एकच. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी धडधाकट! आमचे प्रमुख मधुकर सर म्हणाले, मोजणी चुकली, पुन्हा करा. मी नको म्हणत होते, तरी त्यांनी करून घेतली. माझ्याआधी इथे कोण होतं, विचारलं. कुणाला आठवेना.

२१ जुलै
आर्वीला आईला फोन लावला. "कोण बोलून राह्यलं?" ज्योत्स्ना, म्हटलं. पुन्हा म्हटलं. "चुकीचा नंबर लागला, बाई." ठेवला तिनं.

२४ जुलै
यंत्राचा प्लग उपटला. सरांनी परत लावला. मी समोरच उभी— नजर माझ्यातून आरपार. प्रमिलाबाईंनी खुर्चीवर ओलं फडकं वाळत घातलं. खुर्चीत मी बसले होते.

२५ जुलै
सरांना पुन्हा निरोगी रक्त हवंय. हेमराज हो म्हणाला. त्याची लेक स्वीटी अजून चालायला शिकतेय. कानाशी ओरडले. मोठ्या अक्षरांत लिहिलं, देऊ नको. कोरा कागद समजून त्याने त्यावर कप ठेवला.
सुई टोचली. खळगे भरले. थाळी आत—
मी बोटं घातली मध्ये. अडली! सर म्हणतात, काही तरी अडकून राह्यलं, ढकल. हेमराज ढकलतोय. डाव्या हाताने लिहितेय. उजवा मनगटापर्यंत दिसत ना—
नाही काढणार. हेमराज, नको ढक—