हेडफोन लावून तयार झालेला कान

रविवार, १४ नोव्हेंबर

चि. ढमीस,

आशीर्वाद. मी ठीक आहे. जिन्यातला दिवा अखेर लागला, नळाची गळतीही थांबली. फोनवर आपण दोघी भांडतो, म्हणून पत्र.

तुझा बाबा सांगत होता, तू कॉम्प्युटरवरचा तो हृदयाचे आवाज ऐकवणारा प्रोग्रॅम बंद करून नुसती पुस्तकं घेऊन बसतेस. वॉर्डात सरांनी पेशंटची छाती तपासायला सांगितली, तर मागे सरकलीस. वर त्याला म्हणालीस, "आत्याचंच खरं. स्क्रीन बघून कोणी डॉक्टर होत नाही." माझं इतकं मुकाट्यानं ऐकायला कधीपासून लागलीस?

सुट्टीत तू मला स्टेथोस्कोप लावलास, कपाळाला आठ्या घातल्यास आणि म्हणालीस, "आत्या, एक आवाज जास्तीचा येतोय. पार मानेपर्यंत." मी म्हटलं, "गाढवे, हेडफोन लावून गाणी ऐकावीत, हृदय नव्हे." आणि तुझंच जाडजूड पुस्तक उघडून वाचून दाखवलं: हृदयाची झडप आखडण्याच्या या दुखण्यात चढताना धाप लागते. मला लागते का? नाही. विषय संपला.

तू गेल्यावर ते प्रकरण मी पुन्हा वाचलं. भाषा स्वच्छ, आकृत्या सुबक. आवाज 'खरखरीत' असतो म्हणे. खरखरीत म्हणजे नेमका कसा, ते काही वाचून कळेना. मग तू इथल्या कॉम्प्युटरवर ठेवून गेलेला तो प्रोग्रॅम लावला. आधी निरोगी हृदय ऐकलं, मग झडप आखडलेलं. लाकडावर कानस घासावी तसं. त्या एका शब्दाचा अर्थ तेव्हा कुठे लागला.

हल्ली मी दुसऱ्या मजल्यावर थांबते, ते तिथल्या कुंड्या बघायला नव्हे.

गुरुवारी हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. झडप बदलावी लागेल. ते म्हणाले, "तक्रार विचारली तर नाही म्हणता. मग तुम्हाला पाठवलं कुणी?" म्हटलं, "भाचीनं. दुसऱ्या वर्षाला आहे." त्यांनी हाताखालच्या तिघा डॉक्टरांना बोलावून माझी छाती ऐकायला लावली. दोघांना काही सांगता येईना. मी पडल्या पडल्या छाती अशी फुगवली होती की नर्स म्हणाली, "अहो आजी, श्वास सोडा आता!"

पुस्तक सोडू नकोस. आवाज ऐकल्यावर पुढे काय करायचं, ते तिथेच लिहिलेलं आहे. पण हेडफोन परत लाव. आणि वॉर्डात कुणी हाक मारायची वाट न बघता पुढे हो.

ऑपरेशन पंचवीस तारखेला आहे, नेमकं तुझ्या प्रॅक्टिकलच्या दिवशी. परीक्षा बुडवून आलीस, तर भूल उतरल्या उतरल्या तुझी खरडपट्टी काढीन. पास होऊन ये. नवी झडप नीट वाजते की नाही, हे मी दुसऱ्या कुणाकडून ऐकून घेणार नाही.

तुझी पहिली पेशंट,
आत्या