पलंगपोसाखालचे दोन ॲम्प्लिफायर

हालिना, गुडघ्याची सूज उतरली का? शेजारच्याच खोलीत आहेस, तरी विचारतो. कागदावर राहू दे. डोरोता बाळ, तुझा खोकला? खालच्या मजल्यावरच्या व्हांदाबाई, तुमचा रक्तदाब? आणि रोमान, अकरा वर्षं तुझी खुशाली तुझ्या बहिणीकडूनच कळते. तू कसा आहेस?

मी, झेनोन व्होयताश, वय एकोणऐंशी, राहणार टोरुन्य, बघून बघून रेडिओदुरुस्ती शिकलेला. पुढच्या महिन्यात छातीचं ऑपरेशन आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे. कोणाच्याही दबावाशिवाय (हालिना "लिहा एकदाचं" म्हणाली, तो दबाव धरू नये) हे लिहून ठेवतो.

माझ्या पश्चात घर आणि बचत बायको हालिनाची. नेम कंपनीचा ॲम्प्लिफायर लेक डोरोताला. चपळ आवाज, पाय आपोआप ठेका धरतो. तीही लहानपणापासून कधी स्वस्थ बसली नाही. मॅकिंटॉश कंपनीचा ॲम्प्लिफायर व्हांदाबाईंना. त्याचा आवाज भरदार, गुबगुबीत खुर्चीत बसवून घेणारा. वीस वर्षं त्यांनी छताला झाडूचा दांडा ठोकला. आता त्यांनीच लावावा, चांगला मोठ्याने.

राहिला मी हाताने बांधलेला, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. तो मालकीहक्काने माझा मेहुणा रोमान याला. कारण लिहिणं भाग आहे.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी रोमानने आपला नवा ॲक्युफेज ॲम्प्लिफायर आणला होता. धुतलेल्या काचेसारखा आवाज, सगळ्यांना सांगत सुटला होता. आमच्या ॲम्प्लिफायरवेड्यांच्या मंडळाच्या रीतीप्रमाणे त्याच्या आणि माझ्या यंत्रावर पलंगपोस टाकला. हालिनाने एकेक लावून दाखवायचा, आम्ही आपला कोणता ते चिठ्ठीवर लिहायचं. रोमानला तेवढा दम कुठला!

"दाजी, हा दुसरा माझा! बाई समोर उभी राहून गातेय. तुमचा डबा जन्मात असा गायचा नाही!"

हालिनाने पलंगपोस ओढला. दुसरा माझा निघाला.

"गाढवाला गुळाची चव काय!" मी सगळ्यांसमोर खो खो हसलो. त्याने टोपी घातली. हालिनाच्या चीजकेकला हातही लावला नाही. "दाजी, आता या घरात माझे कान यायचे नाहीत," म्हणाला आणि गेला.

रोमान, माझी चिठ्ठी त्या दिवशी कुणी पाहिली नाही. मी ती खिशात कोंबली. तिच्यावर लिहिलं होतं, 'पहिला माझा.' गाढवं दोन होती बाबा, हसलं एकच.

काल हे हालिनाला सांगितलं. "एका चिठ्ठीपायी माझा भाऊ तोडलात? आधी त्याला कळवा, मग काय मरायचं ते मरा!"

म्हणून ही प्रत आजच टपालात टाकतो. माझ्या यंत्राचं एवढं कौतुक, तेही आपलं समजून, दुसऱ्या कुणीच केलं नाही. ते तुझंच. अट एकच: मी असताना येऊन ने. ऑपरेशन सोळा एप्रिलला आहे. मृत्युपत्राला उत्तर मागायची रीत नाही, पण येतोस की नाही, ते लवकर लिही.

झेनोन व्होयताश (सही)

साक्षीदार:
लुद्विक झारेम्बा, मंडळाचा सभासद (हसणाऱ्यांत मीही होतो)
इरेना मालेच, कोपऱ्यावरची बेकरीवाली

टोरुन्य, ११ मार्च २०१९